फिरती कंपनीची, उधारी तुमच्या नावावर

पत्र थोडक्यात: खानापूर तालुक्यातल्या एका वाचकांनी लिहिलं आहे. वय अडतीस. बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक प्रेस बनवणाऱ्या कारखान्यात ते फिटर म्हणून लागले, आता सर्व्हिस इंजिनिअर आहेत. मशीन बसवून द्यायला आणि बिघडलं की दुरुस्तीला चाकण, कोइम्बतूर, राजकोट अशी महिन्यात दोन-तीनदा फिरती असते. पगार हातात ३२ हजार. एका फिरतीला तिकीट, लॉज, जेवण, रिक्षा धरून दहा हजारांच्या आसपास लागतात. ते आधी स्वतःच्या खिशातून घालायचे, आल्यावर व्हाउचर टाकायचं आणि दीड महिना वाट बघायची. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये काम सुटलं, कार्ड आणि पर्सनल लोन थकलं. २०२२ मध्ये बँकेशी तडजोड करून दोन्ही खाती मिटवली. तेव्हापासून सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून ठरणारा पतीचा स्कोअर, ५९० च्या वर सरकत नाही. चार ठिकाणी कार्डासाठी अर्ज केले, चारही परत आले. आता मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून छोटी कर्जं काढून फिरती निभावतात, बायकोचं गंठण सोसायटीत गहाण आहे. साहेबांनी ‘तुझ्याकडं कार्ड नाही काय?’ म्हणून विचारलं, तेव्हा ‘हरवलंय’ म्हणून वेळ मारून नेली. ते विचारतात: अशा सिबिलवर कुठलं कार्ड मिळेल? आणि नाहीच मिळालं तर फिरती नको म्हणून सांगू का? बढती तर फिरतीमुळेच मिळाली आहे.

नमस्कार,

तुमच्या पत्रात ‘माझ्या सिबिलमुळे’ हे शब्द पुन्हा पुन्हा आलेत. म्हणून मी सिबिल जरा बाजूला ठेवलं आणि तुम्ही दिलेल्या आकड्यांचा नुसता हिशेब मांडला. महिन्याला सरासरी अडीच फिरती धरल्या तर २५ हजार रुपये होतात. ते दीड महिन्याने परत येतात. म्हणजे वर्षातल्या कुठल्याही दिवशी तुमचे साधारण साडेसदतीस हजार रुपये कंपनीकडे अडकलेले असतात. तुमच्या महिन्याच्या पगारापेक्षा ही रक्कम मोठी आहे. आणि ती उभी करायला तुम्ही अ‍ॅपकडून व्याजाने पैसे काढता. महिना तीन टक्के एवढाच दर धरला, तरी महिन्याला अकराशे पंचवीस, वर्षाला साडेतेरा हजार. मशीन कंपनीचं, गिऱ्हाईक कंपनीचं, नफाही कंपनीचा, आणि व्याज तेवढं तुमच्या घरातून जातंय.

या व्यवहारात कर्ज देणारे तुम्ही आहात आणि घेणारी कंपनी. तुमचं सिबिल ८०० असतं तरी हा व्यवहार असाच चालला असता, फक्त तुम्हाला तो जाणवला नसता. तुमच्याबरोबरचे कार्डवाले सहकारी निवांत दिसतात, पण तेही हेच ओझं वाहताहेत.

त्यांच्यासारखं कार्ड तुम्हाला मिळालं असतं तर काय झालं असतं, तेही बघू. कार्डावर बिनव्याजी मुदत असते, पण ती खरेदीच्या तारखेप्रमाणे बदलते. बिल निघायच्या आदल्या दिवशी लॉजचे पैसे भरले तर वीसेक दिवस मिळतात, बिल निघाल्यावर लगेच भरले तर पन्नासपर्यंत. तुमचं व्हाउचर पास व्हायला पंचेचाळीस दिवस. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा कंपनीचे पैसे यायच्या आधी कार्डाचं बिल दारात उभं. ते पूर्ण भरता आलं नाही की महिना तीन ते पावणेचार टक्क्यांचं व्याज लागतं, तेही खरेदीच्या दिवसापासून, आणि पुढच्या नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. शिवाय ५० हजारांची मर्यादा मिळाली असं धरलं आणि त्यातले साडेसदतीस हजार कायम वापरात राहिले, तर ७५ टक्के मर्यादा भरलेली. तीस टक्क्यांच्या आत वापर असावा असा सल्ला दिला जातो. कंपनीच्या लॉजबिलांनी तुमचा स्कोअर वर यायच्या ऐवजी खाली राहिला असता.

‘फिरतीला कार्ड लागतंच’ हा समजही तपासून बघा. चाकण, राजकोटच्या ज्या लॉजवर तुम्ही उतरता तिथे यूपीआय आणि डेबिट कार्ड चालतंच. मोठी हॉटेलं चेक-इनच्या वेळी डिपॉझिट म्हणून काही रक्कम अडकवून ठेवतात. डेबिट कार्ड असेल तर तुमचे खरे पैसे काही दिवस अडकतात, एवढं लक्षात ठेवा. परदेशी जायचं असतं तर मी वेगळं लिहिलं असतं. तुमची अडचण कार्डाची नाहीच, ती आधी घालायच्या पैशांची आहे.

आता साहेबांकडे येऊ. त्यांना तुमचं सिबिल सांगायची गरज नाही. क्रेडिट रिपोर्ट हा तुमचा आहे, तुमच्या संमतीशिवाय मालकाला तो बघता येत नाही. ‘हरवलंय’ म्हणालात, ते तिथेच राहू द्या. खुलासे करत बसू नका आणि नवीन गोष्टही रचू नका. मागणी करायची ती कामाच्या बाजूने करायची: फिरतीला निघण्याआधी अंदाजे खर्चाच्या ऐंशी टक्के अ‍ॅडव्हान्स, आल्यावर तीन दिवसांत बिलांसकट हिशेब. असंख्य कंपन्यांमध्ये हीच पद्धत आहे. तोंडी बोलायला जड जात असेल तर असा मेसेज टाका:

‘साहेब, फिरतीचा खर्च महिन्याला पंचवीस हजारांच्या घरात जातोय आणि मागची तीन व्हाउचर अजून बाकी आहेत. पुढच्या फिरतीपासून निघण्याआधी अ‍ॅडव्हान्स मिळाला तर सोयीचं होईल. आल्यावर तीन दिवसांत बिलं आणि शिल्लक रक्कम जमा करतो. तिकीट ऑफिसमधून काढून मिळालं तरी चालेल.’

यात ना गाऱ्हाणं, ना घरची अडचण. ‘सोयीचं होईल’ असं लिहिलंय ते मुद्दाम. तुमच्यासारखी माणसं एक तर गप्प बसतात, नाही तर एक दिवस भडकून सगळंच बोलून टाकतात. पगाराच्या दिवशी किंवा जीएसटी भरायच्या आठवड्यात हा विषय काढू नका. मशीन नीट चालू करून गिऱ्हाइकाची सही घेऊन परत आलात, की दुसऱ्या दिवशी काढा.

मालकांची बाजूही सांगतो, म्हणजे बोलताना उपयोगी पडेल. उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या लहान कारखानदारांना मोठे गिऱ्हाईक साठ-साठ, नव्वद-नव्वद दिवस लटकवतात, हे गाऱ्हाणं तुम्ही चहाच्या टपरीवर ऐकलंच असेल. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असं २००६ चा एमएसएमई विकास कायदा सांगतो. ते वेळेत दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच आयकरात वजा मिळतो, अशी तरतूद आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून लागू आहे. तुमच्या मालकांना ही कलमं तोंडपाठ असणार, कारण त्यांचे पैसे असेच अडकतात. पंचेचाळीस दिवस म्हणजे काय हे त्यांना वेगळं समजवावं लागणार नाही. फक्त ते कारखान्याला जेवढे जड जातात, त्याहून किती तरी जास्त एका पगारदाराला जातात, एवढंच त्यांच्यासमोर यायला हवं.

अ‍ॅडव्हान्सला नकार आलाच, तर खर्चाचे तुकडे करा आणि मोठे तुकडे तुमच्या खिशाबाहेर ढकला. सगळ्यात मोठा तुकडा लॉजचा. मशीनच्या ऑर्डरमध्ये कमिशनिंगला, म्हणजे मशीन बसवून चालू करून द्यायला, येणाऱ्या माणसाचं जाणं-येणं आणि राहणं-जेवण गिऱ्हाइकाकडे, अशी अट पुष्कळदा असते. सेल्समध्ये विचारून ती अट तुमच्या ऑर्डरमध्ये आहे का बघा. असेल तर गिऱ्हाइकालाच खोली बुक करायला सांगायचं. मोठ्या कारखान्यांचं गेस्ट हाऊस असतं किंवा जवळच्या लॉजशी महिन्याचं खातं असतं. मग लॉजचं बिल तुमच्या हातात येतच नाही. जिथे तुम्ही वारंवार जाता तिथल्या लॉजवाल्याशी तुमच्या कंपनीनेही असं खातं उघडायला हरकत नाही.

दुसरा तुकडा तिकिटाचा. ते ऑफिसने काढावं यात कंपनीचाही फायदा आहे. एसी डब्याचं किंवा विमानाचं तिकीट कंपनीच्या जीएसटी नंबरवर काढलं तर त्यावरचा कर कंपनीला वळता करून घेता येतो. लॉजच्या बिलाचं तसं नाही. लॉज ज्या राज्यात, कर त्या राज्याचा. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरचा कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की जीएसटीलाही सीमा कळते, त्यामुळे फक्त कर्नाटकात नोंदणी असलेल्या कंपनीला चाकणच्या लॉजवरचा कर परत मिळत नाही. अकाउंट्समधल्या माणसाला हे तिकिटाचं गणित दाखवा, तो तुमच्या बाजूने बोलेल. उरतं जेवण आणि रिक्षा, म्हणजे फिरतीला दोन-अडीच हजार. तेवढं तुम्ही सांभाळू शकता.

आता थोडं तुमच्याकडे. त्या दीड महिन्यातले किती दिवस तुमचे आणि किती अकाउंट्सचे? फिरतीहून आल्यावर बिलं बॅगेत राहतात, एखादं हरवतं, दोन फिरतींचं व्हाउचर एकदम टाकलं जातं. मग अकाउंट्सवाले महिन्याचं चक्र चुकलं म्हणून पुढच्या महिन्यात ढकलतात. हे तुमच्याकडे होत नसेल तर सोडून द्या. होत असेल तर रोज रात्री लॉजवर झोपायच्या आधी त्या दिवसाच्या बिलांचे फोटो काढून ठेवा, कंपनीचं नाव बिलावर आहे का बघा, रिक्षाला बिल मिळत नाही तिथे तारीख, कुठून कुठे आणि रक्कम स्वतःच्या सहीने लिहा. व्हाउचर कोणत्या तारखेपर्यंत टाकलं तर त्याच महिन्यात पास होतं, हे अकाउंट्समध्ये एकदा विचारून घ्या. नुसत्या त्या तारखेने दहा-पंधरा दिवस वाचलेले मी पाहिलेत.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे व्हाउचरचे पैसे कुठे जातात. तुम्ही लिहिलंय, ‘पैसे येतात पण पुरत नाहीत’. ते पगाराच्याच खात्यात येत असणार, आणि त्या आठवड्यात पोराची फी किंवा शेतातलं खत असणार. मग पुढच्या फिरतीला पुन्हा अ‍ॅप. दुसऱ्या बँकेत एक झीरो बॅलन्स बचत खातं उघडा, व्हाउचरचे पैसे तिथेच जमा करायला सांगा, आणि कंपनीला ते जमत नसेल तर आले त्या दिवशी स्वतः वळते करा. त्या खात्यावरून फक्त फिरतीचा खर्च आणि फिरतीसाठी काढलेल्या अ‍ॅपच्या कर्जांची फेड. तुम्ही भिशीत आहात असं लिहिलंय. तुमचा नंबर लागेल तेव्हा त्यातले दहा-बारा हजार, म्हणजे एका फिरतीपुरते, या खात्यात टाका. घरात सांगून टाका, नाही तर त्यांना वाटेल खात्यात पैसे असून हा माणूस नाही म्हणतोय.

अ‍ॅपची कर्जं आधी संपवा. सोसायटीतल्या गंठणापेक्षा तीच जास्त महाग असतात. व्हाउचर पास झालं की पहिला हप्ता तिकडे, गंठण त्यानंतर. तोपर्यंत तुमच्याकडच्या अ‍ॅपमागे रिझर्व्ह बँकेकडे नोंद असलेली बँक किंवा फायनान्स कंपनी आहे का, हे तपासा. अशा कर्ज अ‍ॅपची यादी रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये आपल्या संकेतस्थळावर दिली आहे. नियमाप्रमाणे अ‍ॅपला तुमची कॉन्टॅक्ट लिस्ट किंवा फोटो बघता येत नाहीत, आणि कर्ज देण्याआधी व्याज व सगळे खर्च एका कागदावर मांडून दाखवावे लागतात. कुणी नातेवाइकांना फोन करून बदनाम करायची धमकी दिली, तर गप्प बसून पैसे भरत राहू नका. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा.

‘फिरती नको’ म्हणू नका, निदान आत्ता नको. फिरती ही तुमची पत आहे. बँकेच्या रिपोर्टमधली नव्हे, कारखान्यातली. कोइम्बतूरला प्रेस बंद पडला की मालक तुम्हाला फोन करतात, दुसऱ्याला नाही. त्या फोनवरच ‘निघतो साहेब, तेवढं तिकीट आणि अ‍ॅडव्हान्सचं बघा’ म्हणता येतं. दोन-तीन महिने असं मागूनही कंपनी तीच तऱ्हा चालवत राहिली, तर दुसरीकडे बघायला लागा. हायड्रॉलिकचं काम येणारा माणूस इथे किंवा कोल्हापूरच्या गोकुळ शिरगावला बेकार बसत नाही. नव्या ठिकाणी पगाराइतकंच फिरतीच्या खर्चाबद्दल आधी विचारा.

एखाद्या सहकाऱ्याने ‘माझं कार्ड वापर’ म्हटलं तर मैत्री टिकवायची असेल तर नको म्हणा. पैसे कंपनीकडून उशिरा येतील, बोलणी तुम्हाला बसतील आणि रिपोर्ट त्याचा खराब होईल.

आता सिबिल. ते सुधारायचंच आहे, पण घराच्या कर्जासाठी, पोरीच्या शिक्षणासाठी. कंपनीच्या लॉजबिलासाठी नाही. त्यामुळे घाई नको. आणखी अर्ज करणं थांबवा; प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टमध्ये नोंदली जाते आणि लागोपाठच्या चौकशा स्कोअर खाली ओढतात. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्याने मात्र काही होत नाही. आपल्याकडे असे रिपोर्ट बनवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, त्यांच्या संकेतस्थळावरून. चारही काढा. रिपोर्ट इंग्रजीत असतो, वाचायला कॉलेजात जाणारा कुणी भाचा-पुतण्या बरोबर घ्या. बघायचं ते असं: मिटवलेली दोन्ही खाती कशी दाखवली आहेत, रकमा आणि तारखा बरोबर आहेत का, तुमचं नसलेलं एखादं खातं तुमच्या नावावर आहे का. आणि कुणाला जामीन राहिला असाल तर ते कर्जही. हे बाकीच्या वाचकांनीही नीट वाचावं. मामेभावाच्या ट्रॅक्टरला किंवा मित्राच्या गाडीला दिलेली सही आपण विसरतो, रिपोर्ट विसरत नाही. त्याने हप्ते थकवले की फटका तुम्हाला.

चूक सापडली तर त्याच कंपनीकडे किंवा बँकेकडे तक्रार करा, पैसे लागत नाहीत. ३० दिवसांत ती सोडवायची असते. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. ‘सिबिल क्लिअर करून देतो’ म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्यांना एक रुपयाही देऊ नका. चुकीची नोंद फुकट दुरुस्त होते आणि खरी नोंद कुणालाच पुसता येत नाही.

आपल्याकडे गल्लोगल्ली सोसायट्या आणि सौहार्द सहकारी पतसंस्था आहेत, आणि लोक म्हणतात, ‘मी तिथलं कर्ज वेळेवर फेडलं, तरी सिबिल का वाढत नाही?’ कारण त्या सोसायट्यांची नोंद सहसा या रिपोर्टमध्ये जातच नाही. गंठण सोडवाल ते घरासाठी चांगलं, स्कोअरला त्याने फरक पडेलच असं नाही. स्कोअरसाठी बँकेतल्या एफडीवर मिळणारं कार्ड घ्या. त्याला जुना स्कोअर फारसा आडवा येत नाही, कारण तारण बँकेकडे असतं. तुमची बँक कमीत कमी किती रुपयांच्या एफडीवर देते ते विचारा, तेवढीच एफडी ठेवा. त्यावर मोबाइलचा रिचार्ज आणि पेट्रोल एवढंच करा आणि दर महिन्याला बिल पूर्ण भरा. फिरतीचा खर्च त्यावर चुकूनही टाकू नका, आणि एटीएममधून पैसे तर मुळीच काढू नका, त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

२०२२ ची तडजोड राहिली. तेव्हा बँकेने जी रक्कम सोडून दिली, ती तुमच्या रिपोर्टमध्ये ‘सेटल्ड’ म्हणून टोचत राहते. ती भरली तर बँक खातं ‘क्लोज्ड’ दाखवू शकते. पण आज तुमच्यावर अ‍ॅपची देणी आहेत, तेव्हा आत्ता ती भरायला जाऊ नका. अ‍ॅपची कर्जं आणि गंठण दोन्ही मिटल्यावर बँकेला लेखी विचारा: रक्कम किती, ती भरल्यावर नोंद काय बदलणार, किती दिवसांत. लेखी उत्तर आल्याशिवाय पैसे भरू नका. भरल्यावर ‘काही देणे नाही’ असं पत्र घ्या, आणि महिना-दीड महिन्याने रिपोर्ट काढून नोंद खरंच बदलली का बघा. नसेल बदलली तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्यांचा नंबर १४४४८, तक्रार फुकट नोंदवता येते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय तिथून उठू नका.